५०० रुपयांत गाडीचं ॲव्हरेज वाढवणारी डबी घेताय? आधी रुडॉल्फ डिझेलची गोष्ट वाचा

रील बघता बघता मध्येच जाहिरात येते. एक हात गाडीच्या स्टेअरिंगखाली जातो, तिथल्या सॉकेटमध्ये काडेपेटीएवढी डबी बसवतो, डबीवर हिरवा दिवा लुकलुकतो आणि स्क्रीनवर आकडा झळकतो. ॲव्हरेज ३० टक्क्यांनी वाढलं. किंमत पाचशेच्या आसपास आणि ऑफर फक्त आज रात्री बारापर्यंत.

ही जाहिरात पुण्या-मुंबईतच दिसते असं नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं महागाव घ्या. तालुक्याचं गाव, नागपूर-तुळजापूर महामार्गावरचं. एका बाजूला आर्णी आणि यवतमाळ, दुसऱ्या बाजूला उमरखेड आणि पुढं नांदेड. सगळा कापूस-सोयाबीनचा पट्टा. इथं एमएच २९ पासिंगची पिकअप असो, शेतातला ट्रॅक्टर असो की दवाखान्यासाठी यवतमाळ-नांदेडच्या चकरा मारणारी घरची गाडी असो, डिझेलचा खर्च हंगामाच्या हिशेबात धरावाच लागतो. अशा माणसाला कुणी ३० टक्के बचत दाखवली, तर त्याचा अंगठा थांबणारच. त्यात हाव नाही, गरज आहे.

पण ऑर्डर टाकायच्या आधी एका माणसाची गोष्ट माहिती पाहिजे. आपण पंपावर उभं राहून रोज त्याचं नाव घेतो, फक्त ते माणसाचं नाव आहे हे आपल्या ध्यानात नसतं. तेवढ्याच इंधनातून जास्त काम कसं काढायचं, या एका प्रश्नामागं तो अर्धं आयुष्य लागला. त्याला उत्तर सापडलं, जगभर नाव झालं, लाखोंनी पैसा आला आणि शेवटी एका रात्री तो भर समुद्रात बोटीवरून गायब झाला.

नाव रुडॉल्फ डिझेल.

युद्धानं घर मोडलं, काकांनी गणित शिकवलं

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मूळचे जर्मनीतल्या बव्हेरियाचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे. घर खाऊनपिऊन बरं होतं, पण श्रीमंत नव्हतं.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. पॅरिसमधल्या जर्मन लोकांना शहर सोडायची वेळ आली. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथं हातात काम नाही, पैसा नाही. मग १२ वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतल्या ऑग्सबर्गला काका-काकूंकडं पाठवून दिलं. काका तिथं गणिताचे मास्तर होते. पोराला गणित, चित्रं आणि यंत्रं यांची गोडी लागली आणि आपण इंजिनिअर व्हायचं हे त्यानं लहानपणीच ठरवून टाकलं.

पुढं शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत गेला. १८७९ मध्ये टायफॉइड झाल्यामुळं शेवटची परीक्षा हुकली. १८८० मध्ये तीच परीक्षा दिली आणि अव्वल गुणांनी पास झाला.

तिथं त्याला शिकवायला होते कार्ल फॉन लिंडे. थंडावा तयार करणारी यंत्रं बनवण्यात ज्यांचं नाव आजही घेतलं जातं तेच लिंडे. त्यांनी वर्गात एक साधा हिशेब सांगितला. त्या काळी कारखाने आणि रेल्वे चालवणारं वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी फार तर ६ ते १० टक्के कामाला लावायचं. म्हणजे १०० रुपयांचा कोळसा घातला, तर नव्वदच्या वर रुपये नुसते चिमणीवाटे आणि गरम पाण्यावाटे वाया.

त्याच तासात एका फ्रेंच माणसाचाही विषय निघाला. सादी कार्नो. त्यानं १८२४ मध्येच एक छोटं पुस्तक लिहून सांगितलं होतं की, उष्णतेवर चालणाऱ्या कुठल्याही इंजिनाला एक कमाल मर्यादा असते. इंजिनाच्या आतला गरमपणा आणि बाहेरचा थंडपणा यात किती फरक आहे, त्यावर ती ठरते. कितीही हुशार कारागीर आणा, त्या रेषेच्या पलीकडं कुणी जाऊ शकत नाही. कार्नो १८३२ मध्ये कॉलऱ्यानं गेला, अवघ्या ३६ व्या वर्षी. पण त्यानं आखलेली रेष तशीच राहिली.

विद्यार्थी डिझेलनं वहीच्या कडेला आपल्यासाठी एक नोंद करून ठेवली. या आदर्शाच्या जवळ जाणारं इंजिन बनवता येईल का, ते बघायचं. पुढची १७-१८ वर्षं त्या एका नोंदीत गेली.

सायकलचा पंप आणि डिझेलची आयडिया

पास झाल्यावर डिझेल लिंडेंच्याच बर्फ बनवणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात पॅरिसला नोकरीला लागला. १८८३ मध्ये मार्थाशी लग्न झालं, पुढं तीन मुलं झाली. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात प्रयोग. आधी त्यानं पाण्याच्या वाफेऐवजी अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवायचा घाट घातला. त्यात काही वर्षं गेली आणि हाती चालू इंजिन आलं नाही.

मग डोकं दुसऱ्या दिशेनं गेलं.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी गरम लागते, हे प्रत्येकानं अनुभवलंय. हवा दाबली की तापते. डिझेलचा विचार असा होता की, सिलिंडरमधली हवा इतकी जोरात दाबायची की ती प्रचंड तापेल, आणि मग त्यात इंधन सोडायचं. ठिणगीची गरजच नाही, इंधन आपोआप पेट घेईल. आणि गॅस जितका जास्त दाबलेला, तितकी त्याला नंतर पसरायला जागा जास्त. पसरताना तो पिस्टनला ढकलतो. म्हणजे त्याच थेंबातून काम जास्त निघतं.

आजही डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतो तो यामुळंच. डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा जास्त ॲव्हरेज देते, त्याचं एक मोठं कारणही हा जास्तीचा दाबच आहे.

फेब्रुवारी १८९२ मध्ये त्यानं जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये पेटंट मिळालं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्यानं एक पुस्तिका छापली आणि आपल्या कल्पनेतल्या आदर्श इंजिनाचं गणित मांडलं. कागदावर आकडा येत होता सत्तर टक्क्यांच्या पुढं. वाफेच्या इंजिनाचे ६ ते १० आणि याचे ७० च्या वर. आजच्या भाषेत सांगायचं तर खतरनाक जाहिरात.

आता इथं डिझेल काय करू शकत होता? तोच आकडा घेऊन गावोगाव फिरून पैसे गोळा करू शकत होता. त्या काळातही असं करणारे भरपूर होते. पण त्याला ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइनरिख फॉन बुझ यांनी दारात घेतलं, क्रुप कंपनीनं पैशाची साथ दिली, आणि अट सरळ होती. इंजिन बनवून दाखव.

कागदावर सत्तर, लोखंडात सव्वीस

१० ऑगस्ट १८९३ ला पहिल्या इंजिनात पहिल्यांदा इंधन सोडलं. पेट घेतला, दाब एकदम भडकला आणि दाब मोजायला लावलेलं उपकरणच फुटलं. माणसं थोडक्यात वाचली. इंजिन स्वतःच्या ताकदीवर चाललंच नाही. पण एक गोष्ट कळली होती. नुसत्या दाबलेल्या हवेनं इंधन पेटतं.

दरम्यान डिझेलला कळून चुकलं की आपल्या पहिल्या पेटंटमधलं जळणाचं गणितच नीट बसत नाही. त्या पद्धतीनं चाललेलं इंजिन स्वतःचं घर्षण भागवण्यापुरतीही ताकद देणार नव्हतं. त्यानं गणित बदललं, दुसरं पेटंट घेतलं, इंजिनाचा आराखडा बदलला.

१७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःहून फिरलं. किती वेळ? साधारण एक मिनिट. त्या एका मिनिटानंतर आणखी तीन वर्षं काम चाललं. इंधन फवारायची पद्धत, पंप, झडपा, सिलिंडर थंड ठेवणं, सगळं पुन्हा पुन्हा बनवलं.

मग आला १७ फेब्रुवारी १८९७ चा दिवस.

या दिवशी इंजिन तपासलं ते डिझेलनं नाही. म्युनिकचे प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी तपासलं. त्यांनी इंजिनाला ब्रेक लावून लोड दिला, म्हणजे इंजिन नुसतं मोकळं फिरत नव्हतं, ओझं ओढत होतं. पूर्ण लोडवर मोजलं, अर्ध्या लोडवरही मोजलं. इंधन वजन करून मोजलं. निकाल असा आला की, मिनिटाला सुमारे १५४ फेरे, १७.८ हॉर्सपॉवर, आणि एका हॉर्सपॉवरला एका तासासाठी २३८ ग्रॅम इंधन. इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के कामाला लागली होती.

सत्तरच्या पुढचं स्वप्न आणि हातात आले २६.२.

डिझेलनं हा आकडा लपवला नाही. जून १८९७ मध्ये कासेल शहरात जर्मन इंजिनिअर संघटनेची सभा होती. तिथं डिझेल आणि श्रोटर दोघंही उभे राहिले आणि मोजमाप सगळ्यांसमोर ठेवलं. समोर बसलेली माणसं स्वतः इंजिनं बनवणारी होती, त्यांना गंडवणं सोपं नव्हतं. त्यांना पटलं, कारण त्या वेळी २६.२ हा आकडाच जबरदस्त होता. वाफेच्या साध्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त.

खऱ्या शोधाची खूण इथं सापडते. यंत्र एकानं बनवलं, मोजलं दुसऱ्यानं, ओझ्याखाली मोजलं, आणि आकडा जाणकारांसमोर ठेवला.

आता पाचशेच्या डबीचा हिशेब

डिझेलच्या २६ टक्क्यांपासून आजपर्यंत सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. या काळात टर्बो आला, कॉमन रेल आलं, इंजिनाला कॉम्प्युटर आला. हजारो इंजिनिअर आणि अब्जावधींचा खर्च. एवढं करून आजचं चांगलं डिझेल गाडीचं इंजिन त्याच्या सगळ्यात सोयीच्या वेगाला आणि लोडला ४० टक्क्यांच्या थोडं पुढं जातं. समुद्रातल्या अवाढव्य जहाजांची डिझेल इंजिनं ५० टक्क्यांच्या आसपास पोचतात आणि ती जगातली सगळ्यात काटकसरी इंजिनं समजली जातात.

आता डबीवाला म्हणतो, ३० टक्के जास्त. समजा तुमचं इंजिन त्याच्या सर्वोत्तम जागी ४२ टक्के देतंय. ४२ वर ३० टक्के वाढवले की होतात ५४.६. म्हणजे पाचशे रुपयांची डबी लावून तुमची पिकअप जगातल्या मोठमोठ्या जहाजांना मागं टाकणार. गावातल्या गर्दीत हा आकडा ४२ च्या बराच खाली येतो हे खरं. पण तो खाली येतो वारंवार ब्रेक मारल्यानं, गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवल्यानं आणि चुकीच्या गिअरमुळं. त्यातलं काहीही ती डबी थांबवत नाही.

या वस्तूंचे प्रकार बरेच आहेत. एकेक घेऊ.

पहिला दावा असतो की तुमच्या इंजिनात अर्धवट जळलेलं इंधन वाया जातं आणि ही वस्तू ते पूर्ण जाळते. नीट चालणाऱ्या आजच्या इंजिनात ९८ टक्क्यांहून जास्त इंधन जळून जातंच. वाया जाते ती उष्णता. रेडिएटर तापतो, सायलेन्सर हात लावू देत नाही, ती उष्णता म्हणजे आपले पैसे. कार्नोनं सांगितलेली रेष तिथं आडवी येते. राहिलेल्या एक-दोन टक्क्यांतून ३० टक्के कुठून काढणार?

दुसरा प्रकार लोहचुंबकाचा. डिझेलच्या नळीला बाहेरून चुंबक बांधायचं, मग म्हणे इंधनाचे रेणू सरळ रेषेत येतात आणि चांगले जळतात. डिझेल-पेट्रोलवर चुंबकाचा म्हणावा असा परिणामच होत नाही. आणि रेणू कसेही असले तरी इंजेक्टरमधून फवारताना त्यांचं तुषार होऊन सगळं विस्कटतंच.

तिसरी ती सॉकेटमधली डबी. हा सॉकेट खरं तर मेकॅनिकनं गाडीचा बिघाड वाचण्यासाठी असतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकारांनी अशा काही डब्या उघडून पाहिल्या, तेव्हा आत दिवे लुकलुकवणारी छोटी चिप निघाली. गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायची सोयच नव्हती. सोबतच्या कागदावर मात्र लिहिलेलं असतं की डबीला तुमची गाडी शिकायला दीडदोनशे किलोमीटर लागतील. तोवर वस्तू परत करायची मुदत संपायला येते.

लॅपटॉप लावून इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं हा वेगळा विषय आहे. त्यानं टर्बो डिझेल गाडीची ताकद खरंच वाढू शकते. पण त्याची किंमत काही हजारांत असते, क्लच-गिअरबॉक्सवर ताण येतो, धूर वाढू शकतो आणि कंपनीची वॉरंटी धोक्यात येते. सॉकेटमधली डबी त्याचं नुसतं नाव वापरते.

चौथा प्रकार हवेच्या पाइपात बसवायच्या पंख्याचा. हवा गोल फिरली की जळण चांगलं होतं, हे तत्त्व चुकीचं नाही. पण ती हवा कशी फिरवायची हे इंजिन बनवणाऱ्यांनी पाइप, झडपा आणि पिस्टनचा आकार ठरवतानाच बघितलेलं असतं. मध्ये पंखा घातला की हवेची वाटच अरुंद होते. वर त्याचं एखादं पातं तुटून आत गेलं, तर इंजिनाचं काम निघालंच समजा.

पाचवं हायड्रोजन किट. पाण्यातून वीज सोडून गॅस काढायचा आणि तो इंजिनाला पाजायचा. वीज येते अल्टरनेटरमधून, अल्टरनेटर फिरवतं इंजिन, इंजिन चालतं डिझेलवर. प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं गळतं. शेवटी हातात येतं ते घातलेल्यापेक्षा कमीच. विहिरीतलं पाणी उपसून त्याच विहिरीत ओतायचं आणि पाणी वाढलं म्हणायचं, असा तो प्रकार.

टाकीत टाकायच्या गोळ्या हा सहावा प्रकार. त्यात काय आहे हे पाकिटावर धड लिहिलेलं नसतं आणि इंजेक्टर खराब झाला की त्याचा खर्च गोळीच्या किमतीत मावत नाही.

हे आजचं खूळ नाही. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा अमेरिकेत अशा वस्तूंचा पूर आला होता. तिथल्या पर्यावरण खात्यानं वर्षानुवर्षं अशा १०० हून जास्त वस्तू तपासल्या. मोजक्या वस्तूंनी थोडाफार फरक दाखवला, पण ॲव्हरेज ठळकपणे वाढवणारी एकही निघाली नाही.

मग लोकं खाली कमेंटमध्ये फरक पडला असं का लिहितात? सगळेच काही पैसे घेऊन लिहीत नाहीत. डबी लावली की माणूस ॲव्हरेजकडं लक्ष द्यायला लागतो, ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका पडतो, हवा भरून घेतो. त्यात एका टाकीत महामार्ग जास्त आणि दुसऱ्या टाकीत गावातली फिराफिरी जास्त, एवढ्यानंही ॲव्हरेज सहज खालीवर होतं. फरक खरा असतो, श्रेय चुकीच्या माणसाला जातं.

मोजलेल्या यंत्राचाही माणूस कसा बुडाला

परत डिझेलकडं येऊ, कारण त्याची गोष्ट कासेलच्या टाळ्यांवर संपत नाही.

ऑग्सबर्गच्या कारखान्यातलं इंजिन निष्णात माणसांच्या हाताखाली चालत होतं. ते गिऱ्हाइकाच्या दारात वर्षभर न कुरकुरता चालेल, इतकं पक्कं अजून झालं नव्हतं. पण जग थांबायला तयार नव्हतं. वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्या हक्क विकत घ्यायला धावल्या. अमेरिकेतले बीअरचे मोठे कारखानदार अडॉल्फस बुश यांनी त्यांच्या देशापुरते हक्क दहा लाख मार्कला घेतले. डिझेल चाळिशीच्या आतच लखपती झाला.

इंजिनं बाहेर पडली आणि अडचणी सुरू झाल्या. केंप्टेन गावातल्या काडेपेटीच्या कारखान्यात बसवलेलं इंजिन वारंवार बंद पडायला लागलं. १८९८ मध्ये ऑग्सबर्गला खास डिझेल इंजिनांसाठी नवा कारखाना काढला होता. तिथून विकलेली इंजिनं तक्रारी घेऊन परत यायला लागली आणि थोड्याच वर्षांत तिथलं उत्पादन बंद पडलं. शोध खरा होता, तत्त्व खरं होतं, मोजमाप खरं होतं. फक्त विक्री यंत्राच्या पुढं धावली होती.

त्यातच दुसरे लोक पेटंटवरून कोर्टात गेले. इंजिन पेटंटमधल्या मूळ कल्पनेसारखं राहिलेलंच नाही, असं म्हणणारे टीकाकार उभे राहिले. १८९८ च्या शेवटी शेवटी डिझेलची तब्येत इतकी ढासळली की त्याला मानसिक विश्रांतीसाठी दवाखान्यात राहावं लागलं.

इंजिनाचं काय झालं? ते हळूहळू सुधारलं. इमानुएल लाउस्टरसारख्या इंजिनिअरांनी नावाचा गाजावाजा न करता एकेक दोष काढला. १९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डिझेल इंजिनाला सर्वोच्च बक्षीस मिळालं. तिथलं एक इंजिन तर शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. १९१२ मध्ये सेलांडिया हे डिझेलवर चालणारं मोठं जहाज समुद्र ओलांडून दूर देशी गेलं आणि वाफेच्या जहाजांचे दिवस भरत आल्याचं सगळ्यांना दिसलं.

म्हणजे इंजिन वर चढत होतं आणि ज्याचं नाव त्याला होतं तो माणूस खाली घसरत होता. मिळालेला बराचसा पैसा शेअरच्या रूपात होता, त्यांची किंमत घसरली. तेलाच्या खाणींत आणि म्युनिकच्या जमिनींत घातलेले पैसे बुडाले. म्युनिकमधलं आलिशान घर मात्र तसंच होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं की माणूस अजून कोट्यधीश आहे. आत कर्जाचा डोंगर होता.

२९ सप्टेंबर १९१३ ला तो बेल्जियममधल्या अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीनं इंग्लंडला निघाला. सोबतच्या मंडळींबरोबर जेवला, सकाळी उठवायला सांगून आपल्या खोलीत गेला. सकाळी खोली रिकामी होती. अंथरुणात कुणी झोपलेलंच नव्हतं. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तू काढून घेऊन तेव्हाच्या रीतीप्रमाणं देह परत पाण्यात सोडला. त्या वस्तू बघून मुलगा ऑयगेन यानं वडिलांना ओळखलं. वय होतं ५५.

घात झाला, अपघात झाला की त्यानं स्वतः जीव दिला, यावर आजही चर्चा होते. पण मागून उघड झालेली कर्जं बघता बहुतेक अभ्यासक त्यानं आत्महत्या केली असंच मानतात.

महागावच्या शेतापर्यंत आलेलं इंजिन

डिझेल गेल्यावर त्याचं इंजिन लहान झालं. १९२० च्या दशकात ट्रकमध्ये आलं, १९३६ मध्ये मर्सिडीजनं डिझेल कार बाजारात आणली. आपल्या महाराष्ट्रात साताऱ्याच्या कूपर कारखान्यानं १९३० च्या दशकात डिझेल इंजिन बनवलं. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि विहिरीवर धडधडणारं ऑइल इंजिन शेतकऱ्याच्या घरचं झालं. लाइट गेली तरी पाणी उपसणारं. महागावच्या रस्त्यावरून जाणारा प्रत्येक ट्रॅक्टर, प्रत्येक एसटी त्या १८९७ च्या मोजमापाची वारसदार आहे.

मग आज आपण काय करायचं? श्रोटर प्राध्यापकांनी केलं तेच, आपल्या पद्धतीनं.

कुठलीही वस्तू लावायच्या आधी तीन-चार वेळा टाकी फुल करून गाडीचं खरं ॲव्हरेज काढा. पंप तोच, पाइप आपोआप बंद होईपर्यंतच भरायचं, रस्ता तोच, समजा महागाव ते उमरखेड, आणि गाडीतलं वजनही तेवढंच. टायरमधली हवा दर वेळी तपासायची. मग वस्तू लावून पुन्हा तीन-चार टाक्या. त्यातल्या काही वेळा घरातल्या कुणीतरी चालवणाऱ्याला न सांगता डबी काढून ठेवायची. चालवणाऱ्याला डबी आहे की नाही हे माहितीच नसेल, तर पाय आपोआप हलका पडत नाही. एवढं करून फरक दिसला, तर खुशाल घ्या.

विकणाऱ्याला एक प्रश्न मात्र आधीच विचारा. पुण्यात एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे, गाड्यांचं अधिकृत ॲव्हरेज तपासण्याचं काम ती करते. तुमच्या डबीचा अशा कुठल्या संस्थेतला अहवाल आहे का? असेल तर दाखवा. गाडी कंपन्या एकेका किलोमीटरच्या ॲव्हरेजसाठी एकमेकांशी भांडतात. पाचशे रुपयांत ३० टक्के मिळत असते, तर ती डबी शोरूममधूनच बसून आली असती.

आणि बचत खरोखर करायची असेल, तर तिला डबी लागत नाही. पेट्रोलियम मंत्रालयाखालची पीसीआरए ही संस्था १९७८ पासून तेच सांगत आलीय. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, एअर फिल्टर वेळेवर साफ करा किंवा बदला, क्लचवर पाय ठेवून चालवू नका, गाडी उभी असेल तर इंजिन बंद करा, वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या आसपास राहू द्या. कापसाच्या हंगामात धुळीनं एअर फिल्टर लवकर भरतो, तेव्हा तो जरा जास्त वेळा उघडून बघा. यातलं रीलवर काही चालणार नाही, कारण यात लुकलुकणारा दिवा नाही.

रुडॉल्फ डिझेलकडं खरं यंत्र होतं, तरी त्याला चार वर्षं कारखान्यात घालवावी लागली आणि परक्या माणसाच्या मोजपट्टीखाली उभं राहावं लागलं. ज्या दिवसांत विक्री मोजमापाच्या पुढं पळाली, त्या दिवसांपासून त्याचं घर ढासळायला लागलं. डबीवाल्याकडं तर मोजमापच नाही, नुसती विक्री आहे. त्यानं दाखवलेला आकडा कुणी मोजला, एवढं विचारून बघा. उत्तर आलं नाही, तर त्या पाचशेचं डिझेल टाकलेलं बरं.